निर्सचा आकडा एकट्याने वाचू नका

कमी दिवसांच्या बाळाच्या कपाळावर निर्सचा (निअर-इन्फ्रारेड प्रकाशाने मेंदूतला ऑक्सिजन बघणाऱ्या यंत्राचा) सेन्सर लावला आणि पडद्यावर ५८ टक्के आले. हे बरं की वाईट? तेवढ्यावरून सांगता येत नाही. ५८ हा मेंदूला मिळालेला ऑक्सिजन नाही, मिळालेल्यातून मेंदूने घेऊन उरलेला हिस्सा आहे. रक्त कमी पोचलं तरी तो खाली येतो आणि मेंदू जास्त कामाला लागला तरीही खाली येतो. पहिल्या वेळी धावपळ करायची असते, दुसऱ्या वेळी बहुधा काहीच करायचं नसतं. मेंदू किती कामात आहे याचा अंदाज ईईजीवरून, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीवरून येतो. म्हणून दोन्ही सोबत घ्यायचे आणि एकाच घड्याळावर घ्यायचे. ते कसं, आणि कुठे फसायला होतं, ते इथे लिहितोय. डोळ्यासमोर आहेत आपल्या विदर्भातल्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षांत) आणि मेडिकल कॉलेजांत काम करणारे निवासी डॉक्टर, सिस्टर आणि बायोमेडिकलची मंडळी.

आधी यंत्र काय मोजतं ते. साधारण ७०० ते १००० नॅनोमीटरचा प्रकाश कातडी आणि हाडातून बराच आत जातो आणि त्यावरून जिवंत मेंदूतला ऑक्सिजन बाहेरूनच पाहता येतो, हे ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवलं. नवजात बाळांवरची मोजमापं १९८५-८६ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. अकाली बाळाची कवटी पातळ, डोकं लहान आणि केस विरळ, त्यामुळे ही पद्धत मोठ्या माणसापेक्षा त्याच्यावर जास्त चांगली चालते. ८०० नॅनोमीटरच्या आसपास दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन प्रकाश सारखाच शोषतं. त्याच्या अलीकडे ऑक्सिजन नसलेलं जास्त शोषतं, पलीकडे ऑक्सिजन असलेलं. सेन्सरमध्ये प्रकाश सोडणारा दिवा एका बाजूला आणि तो पकडणारे सहसा दोन डिटेक्टर दुसऱ्या बाजूला असतात. जवळच्या डिटेक्टरकडे मुख्यतः कातडी-हाडातून आलेला प्रकाश पोचतो, दूरच्याकडे जास्त खोलवरून आलेला. दोघांच्या हिशेबातून मेंदूचा आकडा काढतात.

पल्स ऑक्सिमीटर फक्त ठोक्यासोबत हलणारं धमनीतलं रक्त वेचतो. निर्स सगळंच रक्त मोजतो, आणि त्यात सुमारे ७० ते ७५ टक्के शिरांमधलं, बाकी धमन्यांमधलं असं यंत्रं धरून चालतात. त्यामुळे सॅचुरेशन (पल्स ऑक्सिमीटरचा आकडा) ९२ आणि निर्स ६९ यात विसंगती काही नाही. या दोन आकड्यांवरून मेंदूने किती वाटा घेतला ते काढा: ९२ वजा ६९ म्हणजे २३, भागिले ९२, उत्तर ०.२५. यालाच एफटीओई म्हणतात. आम्ही तर म्हणू की निर्सच्या आकड्यापेक्षा चार्टवर हाच लिहा, कारण सॅचुरेशन खालीवर झालं की निर्सचा आकडाही त्याच्यामागे फरफटतो आणि मेंदूचं खरं दुखणं झाकलं जातं.

अकाली बाळासाठी ५५ ते ८५ ही कक्षा बहुतेकांच्या तोंडपाठ असते. ती निर्स बघून इलाज करण्याच्या सेफबूसी अभ्यासातून आली आणि मुळात मोठ्यांच्या सेन्सरवर बेतलेली होती. नवजातांचा सेन्सर त्याच बाळावर साधारण १० ते १५ अंक जास्त दाखवतो. म्हणजे नवजातांच्या सेन्सरवर ६० आले म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही. सेन्सर कोणता, हे प्रत्येक नोंदीशेजारी लिहायलाच हवं.

त्या अभ्यासाचं पुढे काय झालं तेही बघा. दुसऱ्या टप्प्यात, २०१५ मध्ये, २८ आठवड्यांच्या आतल्या १६६ बाळांमध्ये निर्स बघून इलाज केल्यावर मेंदूला ऑक्सिजन कमी पडण्याचा एकूण भार निम्म्याहून खाली आला. सगळ्यांना वाटलं, जमलं. मग १,६०१ बाळांचा तिसरा टप्पा झाला आणि २०२३ मध्ये निकाल आला: मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा निर्सच्या गटात ३५.२ टक्के, नेहमीच्या देखरेखीच्या गटात ३४.० टक्के. फरक नाही. यावरून निर्स टाकाऊ ठरवणारे आहेत. आमचं मत वेगळं. आकडा सुधारणं आणि मेंदू वाचणं या दोन गोष्टी आहेत, आणि मधला दुवा म्हणजे त्या वेळी मेंदू काय करत होता, तो आकड्यात दिसतच नाही.

आता ईईजीकडे. खाटेशेजारी सहसा एईईजी असतो: कवटीच्या दोन बाजूंमधला, बहुधा सी३-सी४ किंवा पी३-पी४ या ठरलेल्या जागांमधला, फरक घ्यायचा, २ ते १५ हर्ट्झच्या बाहेरचं गाळायचं आणि ताशी ६ सेंटीमीटरच्या वेगाने दाबून एका पट्ट्यात काढायचं. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात पट्ट्याची खालची कड ५ मायक्रोव्होल्टच्या वर आणि वरची कड १० च्या वर असते. कमी दिवसांच्या बाळाला ही फूटपट्टी लावली की सगळीच बाळं आजारी निघतात. त्यांचा मेंदू तुटक तुटक बोलतो: काही सेकंदांचा जोरदार बर्स्ट, मग शांतता, मग परत बर्स्ट. २६ आठवड्यांच्या बाळात अर्ध्या मिनिटाची शांतताही चालून जाते. तीच ३४ आठवड्यांना दिसली तर चिंता करावी. झोप-जागेपणाची लय ३० आठवड्यांच्या सुमारास उमटू लागते. वय म्हणजे गर्भाचं वय अधिक जन्मानंतरचे आठवडे, हे लक्षात ठेवा. पाळीची तारीख आईला नक्की आठवत नसेल आणि सुरुवातीची सोनोग्राफीही झालेली नसेल तर अख्खं वाचन दोन-तीन आठवड्यांनी सरकतं. खेड्यांतून येणाऱ्या बाळांत ही अडचण नेहमीची. मातामृत्यू-बालमृत्यूच्या बैठकांत लहरींवर वाद घालण्याआधी एमसीपी कार्ड (आई-बाळाच्या तपासण्यांच्या नोंदीचं कार्ड) उघडून तारीख बघितली तर अर्धा वेळ वाचेल.

लावण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण बहुतेक बिघाड इथेच होतात. बाळ थेट लेबर रूममधून आलं असेल तर डोकं कोमट सलाईनच्या बोळ्याने हलकं पुसून कोरडं करा. २८ आठवड्यांच्या आतल्या बाळाला स्पिरिट नको, घासणं तर नकोच, साल निघते. घरून किंवा दुसऱ्या दवाखान्यातून आलेल्या बाळाची मात्र वेगळी तपासणी करा. आजीने टाळू भरलेली असते आणि कपाळाच्या एका बाजूला काजळाची तीट असते. तेलाने ईईजीच्या इलेक्ट्रोडचा (डोक्यावर चिकटवायच्या चकतीचा) रोध वाढतो, जेल धरत नाही, सेन्सर अर्ध्या तासात एका कडेने उचलतो. काजळीचं प्रकरण याहून वाईट. कार्बन निअर-इन्फ्रारेड प्रकाश मनसोक्त शोषतो. तीट बरोबर डिटेक्टरखाली आली तर यंत्र सिग्नल कमकुवत म्हणून ओरडतं किंवा, त्याहून वाईट, गप्प बसून भलताच आकडा दाखवतं. आजीला रागावू नका. तीट पायाच्या तळव्याला लावा म्हणावं, तिचंही मन राहतं.

निर्सचा सेन्सर कपाळाच्या एका बाजूला, केसांच्या रेषेखाली लावा. मध्यरेषेवर लावला तर खालच्या मोठ्या शिरेतलं रक्त मोजलं जातं आणि आकडा मेंदूच्या ऊतीचा राहत नाही. जन्मताना डोक्याला सूज किंवा रक्ताची गाठ आली असेल तर तिच्यावर लावू नका, कारण साचलेल्या रक्ताचा ऑक्सिजन मोजून उपयोग नाही. नाजूक कातडीवर सेन्सरखाली पातळ सिलिकॉनचा थर ठेवा आणि दर तीन-चार तासांनी खालची जागा बघा. सीपॅपच्या (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राच्या) टोपीचा पट्टा सेन्सरवरून जाऊ देऊ नका. दाबाने शिरांतलं रक्त अडतं, आकडा हळूहळू उतरत जातो आणि आपण बीपीच्या मागे लागतो. फोटोथेरपी (काविळीसाठी दिव्यांचा इलाज) चालू असेल तर सेन्सरवर जाड काळं कापड टाका. कावीळ स्वतः फारशी आड येत नाही, बिलिरुबिन निळ्या प्रकाशात शोषतं. त्रास देतो तो बाहेरून डिटेक्टरमध्ये शिरणारा दिव्यांचा उजेड.

आपल्याकडे हमखास विचारला जाणारा एक प्रश्न: आईला सिकलसेल असेल तर? नवजात बाळात बहुतांश हिमोग्लोबिन गर्भाचंच असतं आणि त्याचं प्रकाश शोषण मोठ्यांच्या हिमोग्लोबिनसारखंच असतं, त्यामुळे निर्सच्या वाचनात त्याने व्यावहारिक फरक पडत नाही. फरक पडतो तो एकूण हिमोग्लोबिन किती यावर.

ईईजीच्या प्रत्येक इलेक्ट्रोडचा रोध १० किलोओहमच्या आत आणा. ५ च्या आत आला तर उत्तम. दोन्ही बाजूंचा सारखा असणं हे एका बाजूचा फार कमी असण्यापेक्षा महत्त्वाचं. मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, वॉर्मरखाली जेल भराभर वाळतं. सकाळी ४ किलोओहम असलेला रोध दुपारी तिप्पट झाला तर नवल नको. ड्यूटीची पाळी बदलताना सिस्टरने रोध लिहून ठेवायची सवय लावा. ऑक्सिजन आणि लहरी यांची जोडी जुळवण्यासाठी सेन्सर आणि इलेक्ट्रोड जवळजवळ हवेत. कपाळावरचा ऑक्सिजन आणि डोक्याच्या मागच्या भागातला ईईजी यांची गाठ घालून सूक्ष्म निष्कर्ष काढायला गेलात तर हाती काही लागत नाही. तासातासाचा कल बघायचा असेल तर एवढं काटेकोर नसलं तरी चालतं. दोन्हींच्या वायरी एकमेकींना समांतर बांधू नका, निर्सच्या दिव्याच्या चालू-बंद होण्याची कुरकुर ईईजीत उतरते. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

अर्थिंगबद्दल बायोमेडिकलच्या मंडळींना दोन शब्द. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि ईईजीत ५० हर्ट्झची जाड पट्टी येते. गाळणी लावून ती लपवण्याआधी खड्ड्यात पाणी घाला आणि रोध मोजा. कूलरची मोटर आणि ईईजी एकाच एक्स्टेंशनवर नको. लाइन गेली आणि जनरेटरवर बदल झाला की त्या काही सेकंदांत दोन्ही यंत्रं चालू राहतील असा यूपीएस हवा. यंत्र बंद पडून सुरू झालं की काही वेळा त्याचं घड्याळही बदललेलं असतं.

आणि घड्याळ हाच खरा मुद्दा आहे. ईईजी यंत्राचं घड्याळ आणि निर्स यंत्राचं घड्याळ क्वचितच जुळतं. दोन मिनिटांचा फरक सहज असतो आणि तो दिवसागणिक सरकतो. दहा सेकंदांच्या घटना शोधताना दोन मिनिटांचा फरक म्हणजे सगळं मातीत. नोंद सुरू करताना आणि संपवताना दोन्ही यंत्रांवर एकाच क्षणी खूण करा. दोन माणसं, तीन मोजून बटण दाबणं, एवढं पुरतं. सुरुवातीची आणि शेवटची खूण मिळाली की मधला सरकाव काढता येतो. एकाच डेटा बॉक्समध्ये दोन्ही सिग्नल घेता आले तर हा ताप राहत नाही.

दुसरी मर्यादा वेगाची. ईईजी सेकंदाला २५६ वेळा नमुने घेतो. बाजारातला निर्सचा मॉनिटर सरासरी काढून काही सेकंदांनी एक आकडा देतो. एकेका बर्स्टमागे रक्तात काय होतं ते अशा मॉनिटरवर दिसत नाही. त्यासाठी सेकंदाला निदान १० नमुने देणारं संशोधनाचं यंत्र लागतं. फ्रान्समधल्या आमियां इथल्या गटाने २००७ मध्ये हेच केलं आणि झोपलेल्या निरोगी अकाली बाळांत बर्स्टमागोमाग ऑक्सिजनेशनमध्ये ठरावीक वळणाचा बदल येतो हे दाखवलं.

ते करायची पद्धत अशी. ईईजीत प्रत्येक बर्स्टची सुरुवात खुणावा. हाताने किंवा उंबरठा ठरवून संगणकाने, पण संगणकाच्या खुणा डोळ्याने तपासा. प्रत्येक खुणेभोवती निर्सचा तुकडा कापा, आधीचे ५ सेकंद आणि नंतरचे २० ते २५. मोठ्यांत प्रतिसादाचं शिखर पाच-सहा सेकंदांत येतं म्हणून खिडकी आखूड ठेवाल तर फसाल. अकाली बाळात तो उशिरा येतो आणि बुटका असतो. बाळ हललेले तुकडे टाकून द्या. राहिलेले एकावर एक ठेवून सरासरी काढा. गोंगाट तुकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे ४९ बर्स्ट घेतले तर सातव्या हिश्श्यावर येतो. दहा-बारा बर्स्टच्या सरासरीवर कोणी वक्र दाखवला तर नम्रपणे बाजूला ठेवा. सापेक्ष बदलाऐवजी हिमोग्लोबिनची मात्रा हवी असेल तर प्रकाशाचा खरा रस्ता धरावा लागतो: नवजातात तो दिवा-डिटेक्टर अंतराच्या साधारण ५ पट असतो, म्हणजे अडीच सेंटीमीटरला साडेबारा.

मग गाळणी. नाडी मिनिटाला १५० म्हणजे २.५ हर्ट्झ, श्वास मिनिटाला ५० म्हणजे ०.८ च्या आसपास. दोन्ही ०.५ च्या वर, सहज कापता येतात. पण अकाली बाळ नियतकालिक श्वास घेतं: काही श्वास, थोडा थांबा, परत श्वास, १० ते २० सेकंदांचं चक्र. म्हणजे ०.०५ ते ०.१ हर्ट्झ. बर्स्टही साधारण त्याच अंतराने येतात. गाळणीने हे वेगळं होत नाही. श्वासाची पट्टी आणि सॅचुरेशन सोबत नोंदवलं नसेल तर तुम्ही मोजलेली मेंदू-रक्ताची जोडी म्हणजे निव्वळ श्वासाचा झोका असू शकते, आणि दिसायला ती इतकी सुंदर दिसते की कोणालाही मोह व्हावा. यावर एक सोपा तपास: बर्स्टच्या खुणांइतक्याच खुणा त्याच नोंदीत कुठेही, आंधळेपणाने टाका आणि तीच सरासरी काढा. तिथेही तसाच वक्र आला तर तुमचा निष्कर्ष रद्द. शिवाय आधी-नंतर पुरेशी शांतता असलेले सुटे बर्स्टच निवडा, नाहीतर एकाचा प्रतिसाद दुसऱ्यावर चढतो.

आणि बर्स्ट आला की रक्त वाढतंच असंही गृहीत धरू नका. उंदरांच्या अगदी लहान पिल्लांवर कोलंबिया विद्यापीठात झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात मेंदूचा भाग कामाला लागूनही तिथे रक्त वाढलं नाही, उलट ऑक्सिजन घटला. वय वाढत गेलं तसा प्रतिसाद मोठ्यांसारखा झाला. माणसाच्या बाळाला तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही, पण वक्र उलटा आला म्हणून इलेक्ट्रोड चुकला असं लगेच म्हणू नये.

खाटेशेजारी मात्र एवढ्या खोलात जायची गरज नसते. तासातासाचे दोन पट्टे एकाखाली एक ठेवले की बाजारातल्या आवक-मागणीसारखं चित्र दिसतं.

ईईजी जसाच्या तसा, बर्स्ट तेवढेच, पण एफटीओई चढतोय: पुरवठा कमी. आधी सेन्सर बघा, मग व्हेंटिलेटर. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३५ मिमी पाऱ्याच्या खाली गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि सर्फॅक्टंट (फुप्फुस उघडायला मदत करणारं औषध) दिल्यानंतर फुप्फुस सुटलं तरी दाब तोच ठेवल्याने हे वारंवार होतं. मग बीपी आणि रक्ताभिसरण, हिमोग्लोबिन, आणि डक्टस (जन्मानंतर बंद व्हायला हवी ती हृदयाजवळची रक्तवाहिनी) उघडी आहे का.

ईईजी दबलाय आणि निर्स ८५ च्या वर, एफटीओई तळाला: मेंदू वापरतच नाहीये. फिनोबार्बिटोन, मॉर्फिन किंवा मिडॅझोलॅम असं मेंदूला शांत करणारं औषध दिलं असेल तर बरंचसं त्यामुळे. काही दिलेलं नसेल आणि बाळ जन्मतः गुदमरलेलं असेल तर हा चढा आकडा वाईट खबर आहे. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते, नातेवाइकांना मेंदूला ऑक्सिजन भरपूर आहे असं सांगितलं जातं. कार्बन डायऑक्साइड फार चढला तरी हेच चित्र उमटतं, म्हणून एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) हाताशी ठेवा.

ईईजी जागा झालाय, बर्स्ट जवळजवळ आलेत आणि निर्स थोडा उतरलाय: बाळाची प्रगती असू शकते, किंवा श्वास थांबू नये म्हणून नुकतंच कॅफिन दिलंय. २० मिलिग्रॅम प्रति किलोचा पहिला डोस मेंदूला चेतवतो. कॅफिन नाही म्हणून अमिनोफिलिन वापरत असाल तर मेंदूचा रक्तप्रवाहही काहीसा घटतो. या उतरलेल्या आकड्यावर सलाईनचा बोलस (थोड्या वेळात एकदम दिलेला डोस) देऊ नका. पहिल्या ७२ तासांत उगाच दिलेला भरभर बोलस हाच मेंदूतल्या रक्तस्रावाला निमंत्रण.

दोन्ही एकदम कोसळले तर बाळाकडे धावा, आणि जाताजाता सीपॅपची टोपी सरकून दोन्ही वायरी ओढल्या गेल्या नाहीत ना तेही बघा.

खोटी चित्रंही ओळखता आली पाहिजेत. १० हर्ट्झवर चालणारं, म्हणजे सेकंदाला दहा छोटे झटके देणारं, हाय फ्रिक्वेन्सी व्हेंटिलेशन बरोबर एईईजीच्या २ ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात बसतं आणि मेलेल्या लहरीला जिवंत दाखवतं. हृदयाचे ठोकेही खालची कड उचलून धरतात. कच्चा ईईजी उघडून बघितल्याशिवाय पट्ट्यावर विश्वास ठेवू नये, यात आम्हाला अपवाद मान्य नाही.

जिल्ह्याच्या किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत ही दोन्ही यंत्रं सहसा नसतात. पण पुरवठा आणि मागणी सांभाळण्याची साधनं तिथेही आहेत: ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या की बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमचे १२ तासांनी चार डोस, नाळ मिनिटभर थांबून बांधणं, सॅचुरेशन ९० ते ९५, तापमान ३६.५ ते ३७.५, साखर ४५ च्या वर, पहिले तीन दिवस डोकं मध्यरेषेत आणि हाताळणी कमीत कमी. स्थिर झालेल्या बाळाला कांगारू, म्हणजे आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवणं. बाळ नागपूर-वर्ध्याकडे पाठवताना रेफरच्या चिठ्ठीवर चार गोष्टी वेळेसकट लिहा: शेवटचं फिनोबार्बिटोन किंवा कॅफिन कधी आणि किती, शेवटची साखर, हिमोग्लोबिन, आणि रस्त्यात सॅचुरेशन किती वेळ ८५ च्या खाली होतं. गडचिरोलीतल्या एटापल्ली किंवा मेळघाटातल्या धारणीहून निघालेलं बाळ चार-पाच तासांनी पोचतं. तिथे लावलेल्या ईईजीत दबलेली लहर दिसली की ती औषधाची की इजेची, हे त्या चिठ्ठीशिवाय कोणालाच ठरवता येत नाही.